मेंदूच्या लहरींचें वाचन

आमच्या घरांतील एका नऊ वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा नकाशा गेल्या वर्षीं श्रावणांत आमच्या दिवाणखान्यांत पसरला गेला, आणि वाटणीच्या दाव्याचे कागद यावे तशा गंभीरपणानें घरांतील सर्व मंडळी त्याच्याभोंवतीं जमली. हा मुलगा माझ्या पुतण्याचा. त्याचें खरें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. घरांत आम्ही त्याला बाळच म्हणतों. बाळ अभ्यासास बसला म्हणजे पांच मिनिटांत त्याचें चित्त खिडकीबाहेर जातें, वहींतील बेरीज अर्धी टाकून तो पेन्सिलीस टोक करीत बसतो, आणि शाळेंतून दर महिन्यास त्याच्याविषयीं एक चिठ्ठी घरीं येते. शेवटीं कोणाच्या तरी शिफारशीवरून आईबापांनीं त्याला एका खासगी केंद्रांत नेलें. तेथें डोक्यावर टोपी चढवून वीस मिनिटें त्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरी टिपण्यांत आल्या, आणि चौथ्या दिवशीं रंगीत नकाशांचें एक बाड हातीं पडलें. त्यांत कपाळाकडील भाग तांबडाभडक होता. खालीं लिहिलें होतें कीं, थीटा लहरी प्रमाणाबाहेर, बीटा लहरी अपुऱ्या. चाळीस बैठकी आवश्यक. चाळीस बैठकींची फी पुतण्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती.

"काका, तुम्ही जन्मभर पदार्थविज्ञान शिकविलेंत. हें खरें कीं थोतांड, एवढें सांगा," असें पुतण्यानें मला विचारलें. त्याच्यामागें सूनबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "थोतांड कसें असेल, काका? तो आळशी नाहीं, मुद्दाम करीत नाहीं, एवढें तरी कागदावर आलें." या एका वाक्यानें माझा थट्टेचा सूर जागच्या जागीं थांबला. तीन वर्षें शाळेच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या आईस त्या तांबड्या डागांत मुलाची निर्दोषता दिसत होती, आणि त्यासाठीं आपली मुदतठेव मोडण्याची तिची तयारी होती.

मी डॉक्टर नव्हें, हें आरंभींच सांगितलेलें बरें. विजेचा दाब मोजणें निराळें आणि मुलाचें मन मोजणें निराळें. तेव्हां मीं चार दिवसांची मुदत मागितली. ती चार आठवड्यांवर गेली. त्या अवधींत जें वाचलें, जाणत्यांस विचारलें आणि डोळ्यांनीं पाहिलें, तें इतर घरांतील आईबापांच्याहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

मेंदूच्या वरच्या करड्या थरांत अब्जावधि पेशी आहेत. एक पेशी दुसरीस निरोप देते तेव्हां अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. एकट्या पेशीचा प्रवाह कवटीबाहेर कळणें अशक्य. परंतु शेजारीं शेजारीं एकाच दिशेनें उभ्या असलेल्या लक्षावधि पेशी एका वेळीं खालींवर होऊं लागल्या म्हणजे त्यांची बेरीज होते, आणि ती हाड व कातडी यांच्यांतून कशीबशी बाहेर येते. बाहेर आल्यावर तिचा दाब साधारणतः एका व्होल्टच्या दशलक्षांशाच्या पन्नासपट, कधीं त्याहून कमी, कधीं थोडा अधिक. भिंतीवरच्या घड्याळांत आपण दीड व्होल्टचा सेल घालतों. त्याच्या दाबाचा हा सुमारें तीस हजारावा भाग झाला.

पुण्याच्या मंडईच्या भिंतीबाहेर उभें राहून आंतला गलबला ऐकावा, तसें हें काम आहे. आंत मेथीच्या जुडीचा भाव कोण विचारीत आहे, हें बाहेरून कळणार नाहीं. पण बाजार आतां भरूं लागला आहे, ऐन गर्दींत आहे, कीं पाट्या उचलल्या जात आहेत, एवढें कान तयार असलेला मनुष्य खात्रीनें सांगेल. दुसरी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हजार माणसें आपापलें बोलत असतां जो आवाज होतो, त्यापेक्षां दिंडींतील पन्नास टाळ एका तालावर पडले तर तो फार दूर जातो. मेंदूंतहि तसेंच. मोठी लाट दिसली म्हणजे तेथें काम अधिक चाललें आहे असें नव्हे; पुष्कळ पेशी एका तालांत आहेत, एवढाच तिचा अर्थ. पुष्कळदां निवांत मेंदूच्या लाटा मोठ्या असतात आणि कामांत गढलेल्या मेंदूच्या बारीक. नकाशावरील तांबडा रंग पाहून 'येथें फार ताण आहे' असें आमच्या घरांतील निम्म्या मंडळींनीं ठरविलें होतें. तें या एका कारणानेंच फोल होतें.

जनावरांच्या मेंदूवर असे प्रवाह आहेत हें लिव्हरपूलच्या रिचर्ड केटननें १८७५ सालींच सांगितलें होतें. माणसाच्या डोक्यावरून ते प्रथम टिपले जर्मनींतील येना येथील मानसरोगतज्ज्ञ हान्स बर्गर यानें, १९२४ सालीं. त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. तरुणपणीं लष्करांत असतांना तो घोड्यावरून पडून तोफेच्या गाड्याखालीं जातां जातां वांचला. त्याच संध्याकाळीं वडिलांची तार आली. दूर घरीं असलेल्या बहिणीस भावावर कांहीं संकट आलें आहे असें एकाएकीं वाटलें होतें. एका मनांतून दुसऱ्या मनांत हा निरोप कसा गेला, याचा शोध घेण्याच्या ध्यासानें तो वैद्यकाकडे व पुढें मेंदूकडे वळला. तो निरोप त्याला जन्मांत सांपडला नाहीं. त्याला जें सांपडलें तें असें: मनुष्यानें डोळे मिटून स्वस्थ बसावें, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूस सेकंदास सुमारें दहा या गतीनें एकसारख्या लाटा उठतात, आणि डोळे उघडतांच त्या लोपतात. या लाटांना त्यानें आल्फा हें नांव दिलें, आणि त्यांच्या जागीं येणाऱ्या बारीक, जलद लाटांना बीटा. पांच वर्षें त्यानें हें प्रसिद्ध केलें नाहीं. आपण डोळ्यांची किंवा स्नायूंची हालचालच मेंदूची म्हणून टिपीत आहों कीं काय, ही शंका त्याला छळीत होती. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरहि त्यानें पुनःपुन्हां प्रयोग केले. १९२९ सालीं निबंध छापला, तरी विद्वानांनीं विशेष दखल घेतली नाहीं. १९३४ सालीं केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनीं तोच प्रयोग करून दाखविला, तेव्हां जगानें मान डोलविली. १९४१ सालीं बर्गरनें आपल्या हातानें आपल्या आयुष्याचा शेवट केला.

येथें एक योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या १९२४ सालीं येना येथें पहिला मेंदूलेख निघाला, त्याच सालीं आपल्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं योगाभ्यासाची शास्त्रीय यंत्रांनीं परीक्षा करण्यासाठीं कैवल्यधाम स्थापन केलें. दोघांना एकमेकांची वार्ताहि नसेल. पण मन यंत्रापुढें बसवून पाहावें हा विचार दोन्हीकडे एका वेळीं उगवला होता.

असो. बर्गरची शंका हीच या विद्येची पहिली पायरी आहे, आणि ज्याला लहरी वाचतां येतात त्याची परीक्षा तेथेंच होते. आपलें बुबुळ म्हणजे एक लहानसा विद्युत्कोशच आहे. त्याची पुढची बाजू धन व मागची बाजू ऋण. पापणी लवली कीं कपाळावरील चकत्यांत मोठी, संथ लाट उठते. ती मेंदूची नव्हे, पण संगणकानें नुसती बेरीज केली तर ती मेंदूच्या संथ लाटांत जमा होते. दांत आवळले, कपाळाला आठ्या घातल्या, कीं कानशिलाचे व कपाळाचे स्नायू जलद थरथर पाठवितात. ती बीटांत जमा होते. घामानें रेघ वाहवत जाते. भिंतींतील विजेच्या तारांचें सेकंदास ५० कंपनांचें गुणगुणणें तर सदैव मागें असतेंच. म्हणून जाणता वाचक प्रथम रंगीत नकाशा पाहत नाहीं. मूळ रेघा पाहतो, आणि त्यांतील नासके भाग, तांदुळांतील खडे वेंचावे तसे, वेंचून टाकतो. नऊ वर्षांचें चुळबुळें मूल वीस मिनिटें बसविलें तर त्यांतून चांगला भाग किती उरेल, याची कल्पना ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांना मीं द्यावयास नको.

यानंतर गतीप्रमाणें पट्टे पाडतात. सेकंदास चारांपेक्षां कमी त्या डेल्टा, गाढ झोपेंतल्या. चार ते आठ थीटा; पेंगतांना, आणि लहान मुलांत जागेपणींहि. आठ ते तेरा आल्फा, तेरा ते तीस बीटा, त्यापलीकडे गॅमा. हे पट्टे माणसांनीं सोयीसाठीं आंखले आहेत. मेंदूवर अशा कोठें रेघा मारलेल्या नाहींत. आणि मुलांच्या बाबतींत घोटाळा होतो तो येथेंच. मागच्या बाजूच्या मुख्य लाटेची गति वयाबरोबर वाढते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ती आठांवर येते, नवव्या वर्षाच्या सुमारास नवांवर, आणि दहाचा आंकडा गांठावयास चौदा-पंधरा वर्षें लागतात. हीं सरासरीचीं मानें झालीं. एखाद्या निरोगी मुलाची आल्फा थोडी सावकाश, साडेसातांवर असली, तर आंधळा हिशेब ती उचलून थीटाच्या खात्यांत टाकतो, आणि मुलाची थीटा 'प्रमाणाबाहेर' ठरते. चांगला वाचक आधीं त्या विशिष्ट मुलाची मुख्य लाट कोठें आहे तें शोधतो, डोळे मिटल्यावर ती वाढते कीं नाहीं व उघडल्यावर मोडते कीं नाहीं तें पाहतो, आणि मग त्यावरून पट्ट्यांच्या सीमा ठरवितो.

दुसरा घोटाळा झोपेचा. मनुष्य पेंगूं लागला म्हणजे आल्फा तुटक होते आणि तिच्या जागीं थीटा येते. हा आजार नव्हे. दुपारीं जेवणानंतर वर्तमानपत्र हातांत घेऊन बसणाऱ्या कोणत्याहि गृहस्थाच्या डोक्यावर चकत्या लावल्या तर हेंच दिसेल.

तिसरा घोटाळा निव्वळ गणिताचा, म्हणून तो मला स्वतः तपासतां आला. डोक्यावर चकत्या लावण्याच्या जागा १९५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ठरलेल्या मापानें मोजतात. त्यांतील नेहमींच्या जागा १९. प्रत्येक जागीं पांच पट्टे धरले तर ९५ आंकडे झाले. ते सर्व त्या वयाच्या निरोगी मुलांच्या सरासरीशीं ताडून पाहतात, आणि सरासरीपासून ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेला आंकडा रंगवितात. ती मर्यादाच अशी असते कीं, शंभर निरोगी आंकड्यांतील सुमारें पांच तिच्याबाहेर पडावे. म्हणजे ठणठणीत मुलाच्याहि नकाशावर चार-पांच ठिपके केवळ योगायोगानें रंगावे. शेजारच्या चकत्या एकाच मेंदूचें ऐकत असल्यामुळें ते ठिपके बहुधा एका ठिकाणींच गोळा होतात आणि डाग फार भयंकर दिसतो.

एवढें वाचून कोणी म्हणेल कीं, मग हें सारें यंत्रच टाकाऊ. तसें मुळींच नाहीं. फेफऱ्याच्या रोगांत या रेघांची साक्ष अमोल आहे. लहान मुलांना एक प्रकारचें फेफरें होतें, त्यांत मूल पडत नाहीं कीं हातपाय झाडीत नाहीं. बोलतां बोलतां किंवा घास हातांत असतांनाच पांच-दहा सेकंद थिजतें, नजर शून्य होते, आणि पुन्हां कांहींच झालें नाहीं अशा रीतीनें पुढें बोलूं लागतें. दिवसांतून असें अनेक वेळां होतें. शिक्षक त्याला 'लक्ष नाहीं' म्हणून रागावतात. त्या क्षणीं लेख काढला तर सेकंदास तीन या गतीनें टोंकदार लाटांची रांग साऱ्या डोक्यावर उठलेली दिसते. बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनीं १९३५ सालीं हें वर्णन केलें, आणि तें आजहि तसेंच खरें आहे. यावर औषध आहे व तें बहुधा लागू पडतें. ज्या मुलाची तंद्री हांक मारून किंवा खांद्याला हात लावूनहि मोडत नाहीं, त्याला मज्जातंतूंच्या डॉक्टराकडे नेण्यांत आईबापांनीं दिरंगाई करूं नये. आमच्या बाळाची तंद्री मात्र 'लाडू' या शब्दानें तत्काळ मोडते, हें त्याच्या आजीनें पूर्वींच सिद्ध केलें होतें.

आतां या लहरी पाहून त्यांना वळण लावण्याच्या शिक्षणाकडे येऊं. त्याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. आपला चेहरा आपल्याला दिसत नाहीं, पण आरसा समोर ठेवला म्हणजे भांग सरळ पाडतां येतो. तसा हा मेंदूपुढें धरलेला आरसा होय. शिकागो विद्यापीठांत जो कामिया यानें १९५८ च्या सुमारास एका मनुष्यास डोळे मिटून बसविलें, आणि घंटी वाजली कीं या क्षणीं आपल्या मेंदूंत आल्फा आहे कीं नाहीं हें ओळखावयास सांगितलें. प्रत्येक उत्तरानंतर बरोबर कीं चूक एवढेंच सांगावयाचें. आरंभीं तें निव्वळ अंदाजानें चाललें. पण थोड्याच दिवसांत त्याची बहुतेक उत्तरें बरोबर येऊं लागलीं. पुढें तर अशा माणसांना आल्फा हवी तेव्हां आणतां येऊं लागली.

याहून मला पटलेला प्रयोग मांजरांचा. कॅलिफोर्नियांत बॅरी स्टर्मन यानें १९६० नंतरच्या दशकांत मांजरांना असें शिकविलें कीं, मेंदूच्या हालचालीच्या पट्टींत सेकंदास बारा ते पंधरा ही लय उठली कीं दूध मिळेल. ही लय अंग अगदीं स्थिर पण मन जागें असतां येते. उंदराच्या बिळाजवळ दबा धरलेलें मांजर पाहिलें म्हणजे ती अवस्था लक्षांत येईल. पुढें त्याच प्रयोगशाळेंत रॉकेटच्या एका विषारी इंधनाची परीक्षा चालली होती. त्यानें मांजरांना झटके येत. ज्या मांजरांनीं पूर्वीं ही लय शिकून घेतली होती, त्यांना झटके उशिरां आले किंवा आलेच नाहींत. मांजरांची डॉक्टरावर श्रद्धा नसते, आणि बरें वाटावें अशी आशाहि नसते. म्हणून या प्रयोगाला वजन आलें. १९७२ सालीं स्टर्मननें फेफऱ्याच्या एका तरुण स्त्री-रोग्यास ही लय शिकविल्याचें प्रसिद्ध केलें आणि तिचे झटके कमी झाले. १९७६ सालीं टेनेसी विद्यापीठांतील जोएल लुबार यानें हीच रीत अतिचंचल मुलाकडे वळविली, आणि तेथून 'थीटा उतरवा, बीटा चढवा' हा पाठ निघाला, जो आमच्या बाळास लिहून दिला होता.

हा पाठ कसा चालतो तें मीं बाळाबरोबर जाऊन पाहिलें. केंद्रानें एक बैठक नमुन्यादाखल दिली होती. पडद्यावर एक विमान होतें. लहरी हव्या तशा असल्या कीं तें पुढें जाई, नसल्या कीं अडे. बाळानें विचारलें, "आजोबा, मी काय करूं?" तेथील मुलगी हंसून म्हणाली, "कांहीं करूं नकोस, नुसतें विमान जाऊं दे." हें उत्तर वरवर वेडगळ वाटलें तरी शास्त्रास धरूनच होतें, सायकल शिकणाऱ्यास तोल कसा सांभाळावा हें शब्दांनीं सांगतां येत नाहीं. पण पांच मिनिटांत विमान भरधाव सुटलें आणि मी बाळाच्या तोंडाकडे पाहिलें, तों त्यानें दांत गच्च आवळलेले! जबड्याच्या स्नायूंची थरथर बीटा म्हणून जमा होत होती. त्या मुलीच्या हें ध्यानांत आलें व तिनें खेळ थांबविला, हें तिच्या सचोटीचें लक्षण. जेथें शिकविणारा मूळ रेघांकडे न पाहतां नुसत्या गुणांकडे पाहतो, तेथें चाळीस बैठकींत मूल दांत आवळण्यांत मात्र प्रवीण होईल.

आणखी एक खुबी तेथें कळली. बक्षीस केव्हां द्यावयाचें याची एक रेघ ठरवावी लागते. ती फार वर असली तर मूल कंटाळून रडकुंडीस येतें; फार खालीं असली तर शिकण्यासारखें कांहीं उरत नाहीं. कांहीं यंत्रें ही रेघ आपली आपण खालींवर सरकवितात. मग मूल शिको अगर न शिको, विमान ठरल्या प्रमाणांत पुढें जातच राहतें, आणि कागदावर यश दिसत राहतें. माझ्या प्रयोगशाळेंत एखाद्या विद्यार्थ्यानें उत्तराप्रमाणें मोजपट्टी सरकविली असती तर मीं त्याला बाहेर काढलें असतें.

मग एकंदरींत याचा गुण येतो कीं नाहीं? पुष्कळ मुलांना आला असें त्यांचे आईबाप सांगतात, आणि ते खोटें सांगत नाहींत. परंतु आईबापांना उपचार चालू असल्याचें ठाऊक असतें. अमेरिकेंत एक काटेकोर प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांचें थीटा-बीटा प्रमाण चढें होतें अशीं सात ते दहा वर्षांचीं १४० हून अधिक मुलें त्यांत होतीं. कांहींना खरें शिक्षण दिलें. इतरांच्या पडद्यावरील खेळ मात्र दुसऱ्याच मुलांच्या पूर्वीं टिपलेल्या लहरींवर चालविला. कोणास काय मिळत आहे हें मुलांस, आईबापांस व शिकविणारांस ठाऊक नव्हतें. अडतीस बैठकींनंतर दोन्ही गटांतील मुलें लक्षांत येण्याइतकीं सुधारलीं, पण दोहोंत फरक पडला नाहीं. म्हणजे सुधारणा खरी. तिचें श्रेय लहरींना नव्हतें. आठवड्यांतून तीनदां नेमानें एका जागीं जाणें, एका मोठ्या माणसानें अर्धा-पाऊण तास सर्व लक्ष त्या मुलाकडे देणें, न रागावतां शाबासकी देणें, आणि वाढतें वय, यांपैकीं कशाचा वांटा किती, हें ज्यानें त्यानें ताडावें. बर्गरच्या पहिल्या लेखास शंभर वर्षें झालीं त्याच २०२४ सालच्या अखेरीस अशा ३८ प्रयोगांचें एकत्र परीक्षण प्रसिद्ध झालें. ज्यांना उपचाराची माहिती नव्हती अशांनीं दिलेले गुण धरले तर चंचल मुलांच्या लक्षणांत म्हणण्यासारखा लाभ त्यांतहि दिसला नाहीं. निदानाविषयीं सांगावयाचें तर, थीटा-बीटा प्रमाण मोजणाऱ्या एका यंत्रास अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें २०१३ सालीं डॉक्टरांच्या तपासणीस साहाय्यक म्हणून परवानगी दिली. पण तेथील मज्जातंतु-तज्ज्ञांच्या परिषदेनें २०१६ सालीं बजावलें कीं, नेहमींच्या तपासणीच्या जागीं या प्रमाणावर विसंबूं नये.

योगाभ्यासाच्या अभिमान्यांनीं येथें माझी बाजू सोडूं नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत आनंद, छिना व बलदेवसिंग यांनीं १९६१ सालीं योग्यांचे लेख प्रसिद्ध केले. दोन योगी बर्फासारख्या थंड पाण्यांत पाऊण तासाहून अधिक वेळ हात ठेवून बसले, आणि त्यांची आल्फा मोडली नाहीं. सामान्य माणसाची अशा वेळीं तत्काळ मोडते. हें अपूर्व खरेंच. पण त्यावरून 'आल्फा म्हणजे समाधि' असें उलटें समीकरण मांडून १९७० नंतर अमेरिकेंत आल्फा वाढविण्याचीं यंत्रें घरोघर विकलीं गेलीं, तें हास्यास्पद होय. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या बहुतेकांच्या डोक्यांत आल्फा येतेच. थंड पाण्यांत ती न मोडणें ही योग्याची कमाई.

आतां घरांतील गोष्ट. चार आठवड्यांनीं मीं हा सारा खटला दिवाणखान्यांत मांडला. सूनबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "म्हणजे पुन्हां तो आळशीच ठरला ना?" मला उत्तर सुचेना. तेव्हां कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या आमच्या आक्का, माझ्या वडील बहीण, वय वर्षें एक्क्याऐंशी, मान वर न करतां म्हणाल्या, "अरे, त्या यंत्रानें याचा दिवसाचा मेंदू पाहिला. रात्रीं याच्याजवळ मी निजतें. हा घोरतो केवढा, तोंड उघडें टाकून! मधूनच श्वास अडकतो आणि दचकून कुशीवर वळतो. तें कोणीं पाहिलें?"

दुसऱ्या दिवशीं मीं केंद्रांत जाऊन मूळ रेघा दाखविण्याची विनंति केली. ती त्यांनीं मान्य केली. त्याच मुलीनें पडद्यावर बोट ठेवून सांगितलें कीं, दहाव्या मिनिटानंतर आल्फा तुटलेली आहे; "त्या दिवशीं बाळ दोनदां पेंगला होता, मीं टिपून ठेवलें आहे." तिचें टिपण नकाशा करणाऱ्या संगणकापर्यंत पोंचलेंच नव्हतें. तपासणी सकाळीं साडेसातांची होती, आणि मुलगा साडेपांचास उठविलेला.

नाक-घशाच्या डॉक्टरांनीं नाकाच्या मागील ग्रंथि वाढल्याचें सांगितलें. श्वासाची अर्धीअधिक वाट त्यांनीं अडविली होती. एका रात्रीच्या झोपेची रीतसर तपासणी झाली, तींत झोप वारंवार मोडत असल्याचें दिसलें. अपुऱ्या झोपेनें मोठीं माणसें पेंगतात. मुलें पुष्कळदां उलट चुळबुळीं व अनवधानी होतात. दिवाळीच्या सुटींत शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आठ दिवसांनीं आक्कांनीं मध्यरात्रीं उठून त्याच्या नाकाजवळ हात धरून पाहिला, कारण घोरणें ऐकूं येईना आणि त्यांना धास्ती वाटली.

शाळेची चिठ्ठी मार्गशीर्षांतहि आली. पण तीन कलमांऐवजीं एकच कलम होतें. माघांत सूनबाई बाळास घेऊन बालमानसतज्ज्ञांकडे गेल्या. त्यांनीं यंत्र लावलें नाहीं. तासभर मुलाशीं, तासभर आईबापांशीं बोलले, शिक्षकांकडून कागद भरून आणविले. लक्ष टिकविण्याची थोडी अडचण मुळांतच आहे, ती आळसाची नव्हे, असें त्यांनीं सूनबाईंना सांगितलें, आणि तसें लिहूनहि दिलें. पुढच्या बांकावर जागा, वीस वीस मिनिटांचा अभ्यास, मधें दहा मिनिटें अंगणांत. औषध तूर्त नको. जूनमध्यें पुन्हां दाखवावें. तो कागद सूनबाईंनीं देवघराच्या फडताळांत ठेवला आहे. रंगीत नकाशांचें बाड बाळानें मागून घेतलें, आणि त्याच्या जाड कागदाचीं वेष्टनें आतां त्याच्या वह्यांवर आहेत.